वैशाखातली गस्त

पहाटे ५. चारठाण्यातून गाडी काढतो. ऊन चढायच्या आत पाणवठा गाठायचा, कारण रात्रीचा हिशोब काठच्या ओल्या मातीत असतो. रोह्यांचे खूर, साळिंदराचा गळालेला काटा, आणि तरसाचा माग: पुढचा पंजा मोठा, मागचा लहान, नखं उमटलेली. तरस दिसत नाही, पण इथं आहे. नोंद करतो.

७. माळ. याला पडीक म्हटलेलं मला सोसत नाही. चंडोल इथंच जमिनीवर, गुराच्या खुरानं पडलेल्या खळग्यातही घरटं करतो. पाय जपून टाकावा लागतो.

९. एका शेतकरी मामांचा उन्हाळी भुईमूग रानडुकरांनी उकरलेला. "सायेब, रातभर जागलो, तरी पहाटं डाव साधलाच त्यांनी." मामांना अर्ज लिहून देतो. भरपाई वेळेवर मिळाली, तरच या शिवारात जनावराला थारा राहील. कुंपणात वीज सोडायचा विचार माणसाच्या मनात येतो तो अशाच सकाळी.

१२. सावलीत भाकरी. परभणी जिल्ह्यात जंगल मुळात थोडं, त्यातलं बरंचसं आमच्या जिंतूरच्या डोंगरांत. अभयारण्य उत्तरेला, लोणारला. ते सरोवर २०२० मध्ये रामसर यादीत गेलं, क्षेत्र ४२७ हेक्टर. एका बिबट्यालाही ते पुरायचं नाही. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ हिंगोलीकडून फिरत, तेराशे किलोमीटर तुडवून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. जन्म एका अभयारण्यात, आसरा दुसऱ्यात. मधली वाट ओढ्यांची, झुडपांची, लोकांच्या शेतांची. ती तुटली तर दोन्ही अभयारण्यं बेटं होतात, आणि बेटावरची जनावरं आपापसातच वाढून पिढ्यांमागून पिढ्या कमजोर होत जातात. म्हणून नकाशावर नाव नसलेला हा डोंगर मला लोणारइतकाच महत्त्वाचा वाटतो.

२. मोबाइलवर उपग्रहाची आगसूचना. कुणीतरी धुरा जाळला, वाऱ्यानं आग गवतात नेली. ब्लोअर घेऊन दोघं, हिरव्या फांद्या घेऊन गावातली चार पोरं. जाळरेषेवर आग अडली, तरी बरंच गवत गेलं. त्यात घरटी होती.

६. धुरा जाळणाऱ्याच्या अंगणात बसतो. पेरणीआधी काडीकचरा जाळायची त्याच्या बापापासूनची रीत. गुन्हा नोंदवावा लागेल, हे सांगतो. पुढच्या वर्षी जाळायच्या आधी फोन करा, मी स्वतः येऊन उभा राहतो, हेही सांगतो.

९. जळालेल्या क्षेत्राचा अहवाल. उद्या तलाठी आणि कृषी सहायकांना घेऊन भुईमुगाचा पंचनामा.