नातीच्या तोंडून

मुलांना धर्म शिकवावा तो वडीलधाऱ्यांनी, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती खोटी नाही. पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच्या विश्वासाचे मूळ त्याची आजी लोईस आणि आई युनीके या दोघींमध्ये शोधले आहे. परंतु शुभवर्तमानांत याच गोष्टीची दुसरी बाजूही दाखविली आहे. स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण, असा प्रश्न शिष्यांनी केला, तेव्हा येशूने एका लहान मुलाला बोलावून त्यांच्या मधोमध उभे केले. शिकविण्यासाठी फळा नव्हता, पुस्तक नव्हते. मूलच तेथे धडा होते. आम्ही व्यवसायाने शिक्षक असल्यामुळे ही शिकविण्याची रीत आमच्या मनात विशेष भरते.

आमचे घर बेळगावातले, मराठी ख्रिस्ती. ख्रिस्ती श्रद्धेने मराठी बोलण्यास आरंभ केला तो काही काल-परवा नव्हे. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' गोव्यात छापले गेले ते १६१६ साली. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ साली याच बेळगावात जन्मले. रेव्हरंड ना. वा. टिळकांना तर महाराष्ट्र 'फुलांमुलांचे कवी' म्हणून ओळखतो. त्यांच्या आणि लक्ष्मीबाईंच्या घरी परक्यांची मुलेही घरचीच होऊन राहत, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास सांगावयास नको. हा वारसा आमच्या घरात आज एका आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडी आहे. आमची नात तिसरीत शिकते. शाळा इंग्रजी माध्यमाची, गल्लीतले खेळ निम्मे कन्नडमध्ये. परंतु रात्रीची प्रार्थना मात्र मराठीत. ती तिला तिच्या आजीने शिकविली. आजी दोन वर्षांपूर्वी प्रभूमध्ये निजली, प्रार्थना राहिली. त्या प्रार्थनेच्या आसपास घडलेले तीन साधे प्रसंग वाचकांपुढे ठेवावेत, असे वाटले.

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत रोजच्या अन्नाची मागणी आहे. मराठी भाषांतरकारांनी तेथे 'भाकर' हा शब्द योजला आणि त्या एका शब्दाने दूरदेशीची प्रार्थना आपल्या चुलीपाशी आणून बसविली. आमच्याकडे जोंधळ्याची भाकरी रोजची. एका रात्री प्रार्थना संपताच नातीने विचारले, "आजोबा, आपण 'मला दे' म्हणत नाही, 'आम्हाला दे' म्हणतो. मग त्या 'आम्हाला'मध्ये मावशी आहेत का?" मावशी म्हणजे आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाई. "आहेत," आम्ही म्हणालो. ती क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, "तरीच. आपल्या टोपलीत रोज दोन भाकऱ्या उरतात ना, त्या त्यांच्याच असणार. देवानं आपल्याकडे ठेवायला दिल्या असतील."

मराठीचे अध्यापन करताना एकवचन आणि अनेकवचन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत आलो. त्या अनेकवचनाचा एवढा थोर अर्थ व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात आम्हांस आढळला नाही. उरलेले देणे म्हणजे दान, असे आपण मानतो. मुलीच्या हिशेबाने ते दान नव्हतेच. ज्याचे त्याला पोचते करणे होते. आमच्या सूनबाईंनी ते ऐकले. दुसऱ्या दिवसापासून मावशींची भाकरी उरलेल्यांतून काढली जात नाही. कणीक जोंधळ्याची मळतानाच त्यांच्या नावाची मळली जाते.

दुसरा प्रसंग क्षमेचा. अपराध करणाऱ्या भावाला सात वेळा क्षमा करावी काय, असे पेत्राने विचारले, तेव्हा येशूने सातांना सत्तरांनी गुणून उत्तर दिले. नातीने रविवारच्या शाळेतून येताच गुणाकार केला आणि ४९० हा आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला. त्याच सुमारास शेजारच्या मैत्रिणीशी रंगपेटीवरून तिचे बिनसले होते. मैत्रिणीचा एकेक अपराध क्षमा केला की ती पानावर एकेक रेघ ओढी. आम्ही कौतुकाने, पण काही न बोलता पाहत होतो. अकरा रेघा झाल्यावर एके दिवशी ती वही घेऊन आली. "आजोबा, ही सहावी रेघ कशाची होती ते आठवतच नाही. आठवत नसेल तर खोडायची का?" आम्ही म्हटले, "खोड." थोड्या वेळाने दोघी ओट्यावर सागरगोटे खेळत होत्या आणि वही तशीच उघडी पडली होती.

चारशे नव्वद हा आकडा मोजण्यासाठी दिलेलाच नव्हता. मोजता मोजता मोजणी विसरावी, यासाठी दिला होता. आपल्याकडे शेताच्या बांधावरून, वाटणीतल्या एखाद्या खोलीवरून सख्ख्या भावांचे दावे दोन-दोन पिढ्या चालतात. मूळ भांडण कोणी पाहिलेले नसते, परंतु रेघा मात्र जपून ठेवलेल्या असतात. रेघ कशाची, हे आठवत नसेल तर ती खोडावी, हा मुलीचा नियम त्या घरांतून लागू झाला तर किती माणसे पुन्हा एका पंक्तीला बसतील!

तिसरा प्रसंग गेल्या ईस्टरच्या सुमाराचा. शाळेत सांगितले म्हणून नातीने कुंडीत पावट्याचे दाणे पेरले. पेरले खरे, परंतु रोज सकाळी उठून ती माती उकरी आणि दाणा जागेवर आहे की नाही ते पाही. आम्ही तिला समजाविले, "बाळ, पाणी घालायचे काम तुझे. उकरून पाहायचे नाही. दाणा दिसेनासा होतो, तेव्हाच त्याचे काम सुरू होते." तिने मोठ्या कष्टाने हात आवरला. काही दिवसांनी मातीला तडा गेला आणि वाकलेल्या मानेचा कोंब वर आला.

ईस्टरच्या दिवशी पहाटे आम्ही सारे दफनभूमीत गेलो. आजीच्या कबरीवर फुले वाहिली, मेणबत्ती लावली. नात बराच वेळ त्या मातीकडे पाहत उभी होती. मग आमचा हात धरून हळूच म्हणाली, "आजोबा, इथंपण उकरून बघायचं नाही, हो ना?"

गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेल्यावाचून पीक देत नाही, असे येशूने सांगितले. पौलाने करिंथकरांस लिहिताना पुनरुत्थानासाठी बीजाचाच दृष्टान्त घेतला. ही वचने आम्ही कित्येक अंत्यविधींत ऐकली आहेत. त्या पहाटे ती प्रथमच आमच्यासाठी उच्चारली गेली, असे वाटले. दुःख ओसरले असे नव्हे. परंतु पाणी घालावे आणि उकरू नये, एवढे कळले. श्रद्धा म्हणून जे म्हणतात ते बहुधा याहून निराळे नसावे.

जुन्या करारात वृद्ध याजक एली आणि बाल शमुवेल यांची कथा आहे. रात्री हाक आली ती मुलाला, म्हाताऱ्याला नव्हे. मूल तीनदा धावत एलीकडे आले आणि तिसऱ्या खेपेस एलीला उमगले की ही हाक कोणाची. आजोबांचे काम एवढेच असते. हाक आपल्याला ऐकू येत नसली तरी ती कोणाची, हे मुलाला सांगता आले पाहिजे. आणि त्यासाठी मूल आपल्याकडे धावत येईल, अशी जागा घरात असली पाहिजे.

आपण परप्रांतातली मराठी माणसे. मुलांच्या तोंडी तीन-तीन भाषा असतात आणि प्रार्थनेची भाषा कोणती ठेवावी, हा प्रश्न प्रत्येक घराला पडतो. मग ती प्रार्थना येशूची असो, विठ्ठलाची असो, वा दिवेलागणीचा परवचा असो. आमचे सांगणे इतकेच की दिवसातली दहा मिनिटे नातवंडांसाठी राखावीत, त्यांना आपले शब्द द्यावेत आणि त्यांनी प्रश्न विचारला तर उत्तराची घाई करू नये. बहुधा उत्तर त्यांच्यापाशीच असते, आणि ते आपल्यासाठी असते.