व्हायोला : उगवणीचे यश थंडाव्यात

हिवाळी हंगामी फुलझाडांमध्ये कुंड्या, टांगत्या परड्या आणि वाफ्यांच्या कडांसाठी व्हायोलाला चांगली मागणी असते. पॅन्सी हे त्याच कुळातील मोठ्या फुलांचे झाड. व्हायोलाची फुले लहान, परंतु संख्येने अधिक. मात्र महागडे संकरित बी पेरूनही ट्रे रिकामे राहिल्यास रोपवाटिकेचे हंगामाचे गणित कोलमडते. अशा वेळी दोष नेहमीच बियाण्याचा नसतो. अनेकदा पेरणीच्या वेळचा उष्मा त्यास कारणीभूत असतो.

पेरणी : उगवणीसाठी माध्यमाचे तापमान १८ ते २१ अंश सेल्सिअस असावे, ते २७ अंशांपुढे गेल्यास उगवण झपाट्याने घटते. म्हणून केवळ तारखेवर विसंबू नये. माध्यमात तापमापक खोचून पाहावा आणि उष्मा ओसरल्यावरच पेरणी करावी. उत्तर भारताच्या मैदानी भागात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा पेरणीचा काळ होय. प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट भरून बी टाकावे व त्यावर व्हर्मिक्युलाइटचा पातळ थर द्यावा, कारण अंधार उगवणीस पोषक ठरतो. ट्रे थंड, सावलीच्या जागी ठेवावेत. साधारणतः १० ते १४ दिवसांत अंकुर दिसतात. ते दिसताच ट्रे उजेडात आणावेत, अन्यथा रोपे लांबट व दुबळी होतात.

लागवड : चार-पाच पाने आलेली रोपे १५ ते २० सेंटीमीटर अंतरावर लावावीत. माती निचऱ्याची, सेंद्रिय पदार्थयुक्त व किंचित आम्लधर्मी असावी. चुनखडीयुक्त जमिनीत लोहाच्या कमतरतेने कोवळी पाने पिवळी पडतात. तेथे कुंडीतील लागवड श्रेयस्कर.

निगा : सकाळी मुळाशी पाणी द्यावे; पाणी साचल्यास मूळकूज होते. कोमेजलेली फुले देठासह खुडावीत, कारण बोंडे धरू लागली की नवीन कळ्या कमी येतात. मावा व लाल कोळी यांसाठी पानांची खालची बाजू नियमित तपासावी. व्हायोलाची फुले खाद्य असून सजावटीसाठी वापरली जातात. मात्र त्यासाठीची रोपे आरंभापासून कीटकनाशकांविना वाढवावीत.

पेरणीपासून फुलोऱ्यास सुमारे १० ते १२ आठवडे लागतात आणि मैदानी भागात उन्हाळ्याची चाहूल लागताच बहर ओसरतो. म्हणजेच पेरणी लवकर केल्यास उगवण बुडते, उशीर झाल्यास बहराचे दिवस घटतात. या दोहोंमधील योग्य दिवस दाखविणारा साधा तापमापक हीच येथे सर्वांत स्वस्त निविष्ठा होय.