बॉनेटसमोरचा माणूस

अपघात झाला की भोवती गर्दी जमते आणि कोणीतरी म्हणतेच, ‘मध्येच आला हो तो!’ भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा जीव गेला. त्यांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते, म्हणजे दिवसाला सुमारे नव्वद. एवढे सगळे ‘मध्येच’ आले असे मानले, की गाडीच्या नाकाची आणि चालकाच्या लक्षाची चौकशी राहूनच जाते.

गैरसमज : धडक ती धडक. गाडी बुटकी की उंच, याने काय फरक पडतो?

वस्तुस्थिती : फार पडतो. बुटक्या, उतरत्या बॉनेटची गाडी आधी पायांना लागते आणि माणूस बॉनेटवर आडवा होतो. उंच, उभ्या नाकाची एसयूव्ही थेट कंबरेवर किंवा छातीवर आदळते, माणसाला पुढे फेकते आणि तो चाकाखाली येऊ शकतो. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने सुमारे १८ हजार अपघात तपासून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटशी तुलना करता, ४० इंचांहून उंच बॉनेटची धडक पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली.

चाळीस इंच म्हणजे साधारण चार वर्षांच्या मुलाची उंची.

गैरसमज : पुढे लोखंडी गार्ड लावला की गाडी सुरक्षित.

वस्तुस्थिती : बंपर आणि बॉनेट धडकेत थोडे चेपले, तर तेवढा मार माणसाचा वाचतो. लोखंडी नळी चेपत नाही. मार सरळ हाडांवर जातो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नसल्याचे सांगून राज्यांना कारवाई करायला कळवले होते.

गैरसमज : फोन हातात नाही, कानात ब्लूटूथ आहे, मग काय हरकत?

वस्तुस्थिती : कायद्याचा रोख हातात धरलेल्या फोनवर आहे. मेंदू मात्र असा भेद करत नाही. युटा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेयर यांच्या प्रयोगांत हँड्सफ्रीवर बोलणाऱ्या चालकांची नजर रस्त्यावरच्या गोष्टींवर पडत होती, पण त्यांतल्या कितीतरी गोष्टी त्यांच्या मनात नोंदल्याच गेल्या नव्हत्या. २०१५ च्या अभ्यासात तर गाडीला तोंडी हुकूम देऊन झाल्यावरही काहींचे लक्ष पूर्ववत व्हायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागला. स्क्रीनवर गाणे बदलायला दोनच सेकंद लागतात खरे; पण ताशी ५० किलोमीटरच्या वेगात तेवढ्यात गाडी २८ मीटर पुढे जाते. ही लांबी एकामागे एक उभ्या दोन बसगाड्यांहून जास्त आहे. झेब्रा क्रॉसिंग, फुटपाथवर टपऱ्या म्हणून रस्त्यावर उतरलेल्या आजीबाई, शाळेची रांग, हे सगळे त्या २८ मीटरमध्येच कुठेतरी असते.

गैरसमज : पाच स्टार म्हणजे सर्वांसाठी सुरक्षित.

वस्तुस्थिती : २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या वाहन सुरक्षा चाचणीचे स्टार मुख्यतः आत बसलेल्या मोठ्यांच्या आणि मुलांच्या संरक्षणाचे गुण मोजून दिले जातात. बाहेरच्या माणसासाठी गाडीच्या पुढच्या भागाला एक किमान अट पाळावी लागते. त्याचे वेगळे स्टार नसतात. म्हणून शोरूममध्ये सनरूफ पाहून झाल्यावर एक काम जरूर करावे. बंद गाडीच्या बॉनेटपुढे घरातल्या लहानग्याला मोठ्या माणसाचा हात धरून उभे करावे, चालकाच्या सीटवर बसावे आणि त्याचे डोके दिसते का, ते पाहावे.