सूतिकागारातील शुचिता व औषधविवेक

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीसमयी परिचर्या करणाऱ्या स्त्रियांनी नखे कापलेली असावीत, असा निर्देश आहे. व्हिएन्ना येथे मे १८४७ मध्ये डॉ. सेमेलवाइस यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमधील सुमारे १८ टक्के मातामृत्यू जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले.

औषधाबाबतही हीच दक्षता हवी. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमचे बीजाणू असू शकतात. एक वर्षाखालील बालकाच्या आतड्यात ते रुजून विष निर्माण करू शकतात. बद्धकोष्ठ, क्षीण रुदन, स्तन्यपानात अशक्तता ही त्याची लक्षणे होत. जातकर्मातील मधुप्राशनाची परंपरा आदरणीय असली, तरी वैद्यबंधूंनी या वयात मध वर्ज्य करावा. औषधविक्रेत्यांनीही मधाचे अनुपान सांगण्यापूर्वी बालकाचे वय अवश्य विचारावे.