तंबाखूचा फास (भाग 6) : कंपनीने शिकवलेला नकार

तंबाखूची सवय बहुतेकांना विशीच्या आतच लागते, हे गेल्या आठवड्यात पाहिले. कंपन्यांनाही ते पक्के ठाऊक आहे. जुने गिऱ्हाईक आजाराने आणि मरणाने कमी होते, त्याची जागा तरुणच भरतात, अशा आशयाचे टिपण अमेरिकेच्या आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीत 1984 मध्ये लिहिले गेले. मग हाच धंदा मुलांना ‘सिगारेट ओढू नका’ असे सांगू लागला, तो कशासाठी?

1998 मध्ये याच धंद्यातल्या फिलिप मॉरिस कंपनीने ‘थिंक, डोन्ट स्मोक’ ही दूरचित्रवाणीवरची मोहीम काढली. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटेच दिसले: या जाहिराती पाहिलेल्या मुलांत पुढे सिगारेट ओढण्याची तयारी जास्त होती. मला यात नवल वाटत नाही. त्या जाहिरातींत कर्करोग नव्हता, निकोटिनची पकड नव्हती, कंपनीचा नफा तर नव्हताच. सिगारेट मोठ्या माणसांची, तू अजून लहान आहेस, एवढाच त्यांचा सूर. चौदा वर्षांच्या पोराला तर मोठेच व्हायचे असते! कंपनीचा फायदा मात्र ठरलेला. आम्हीच मुलांची काळजी घेतो आहोत, मग कडक कायदे कशाला, असे सरकारला सांगता येते.

आपल्याकडे तर उपदेशाचीही गरज पडली नाही, क्रिकेट पुरले. नव्वदच्या दशकात भारतीय संघाच्या शर्टावर ‘विल्स’ हे सिगारेटचे नाव होते. गोव्यातील कर्करोगतज्ज्ञ डॉ. शरद वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शाळकरी मुलांची पाहणी केली; ती 1996 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. विल्सने पुरस्कृत केलेले सामने पाहणाऱ्या मुलांत सिगारेट ओढून पाहण्याचे प्रमाण अधिक आढळले. ‘मुलांनो, ओढा’ असे कोणीही म्हटले नव्हते. लाडक्या खेळाडूच्या छातीवरचे नाव पुरेसे होते. विल्स बनवणाऱ्या आयटीसी कंपनीने ते प्रायोजकत्व 2001 मध्ये सोडले, तेही जाहिरातबंदीचे विधेयक येऊ घातल्यावर.

म्हणून साखरखेर्डा गावातल्या पालकांना माझे सांगणे आहे की मुलांची राखण कंपनीकडून मागू नका, कायद्याकडून मागा. 2003 च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला आणि शाळेपासून शंभर यार्डांत, म्हणजे साधारण 91 मीटरांत, तंबाखूच्या विक्रीला मनाई आहे. मुलाला तंबाखू देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे. ही बंदी मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण अख्खे पाकीट मुलाच्या खिशाला परवडत नाही आणि सुट्या सिगारेटवर इशाऱ्याचे चित्रही नसते. टपरीवाल्यावर नुसते चिडून काही होणार नाही. त्याचेही पोट त्याच टपरीवर आहे. शाळेच्या फाटकापासून टेप लावून अंतर मोजा, ग्रामसभेत ठराव घ्या, टपरी अंतराच्या आत येत असेल तर तिला दुसरी जागा द्या.

आणि एखाद्या तंबाखू कंपनीने शाळेत वह्या किंवा बक्षिसे वाटायची तयारी दाखवली, तर मुख्याध्यापकांनी नम्रपणे, पण लेखी नकार द्यावा.