होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर : हेमाडपंतांच्याही आधीचे

मराठवाड्यातील कोणत्याही गावात काळ्या पाषाणाचे, चुन्याविना रचलेले जुने मंदिर दिसले की ते 'हेमाडपंती' असल्याचे सांगितले जाते. नांदेड जिल्ह्यातील होट्टल येथील सिद्धेश्वर मंदिराचीही ओळख अनेक जण अशीच करून देतात. प्रत्यक्षात हे मंदिर यादवांचे मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत यांच्या आधीचे, कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीतील आहे. हा फरक केवळ नावाचा नाही. मंदिराचा काळ चुकला, की ते उभारणाऱ्या राजवटीचा, त्या काळातील भाषेचा आणि समाजाचा इतिहासही दृष्टिआड होतो.

देगलूर तालुक्यातील होट्टल हे तेलंगण आणि कर्नाटकच्या सीमेलगतचे लहानसे गाव. सिद्धेश्वराखेरीज सोमेश्वर, रेब्बेश्वर अशी आणखी प्राचीन मंदिरे आणि अनेक सुट्या मूर्ती येथे आहेत. मध्ययुगात हे गाव महत्त्वाचे धार्मिक केंद्र असावे, याची साक्ष या अवशेषांतून मिळते.

दोन राजवटींतील अंतर

तैलप दुसरा याने इ. स. ९७३ मध्ये राष्ट्रकूटांची सत्ता संपुष्टात आणून उत्तरकालीन चालुक्यांचे राज्य स्थापन केले. पुढे त्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, येथे हलविण्यात आली. नांदेड आणि लातूरचा परिसर त्यामुळे राजधानीच्या जवळच आला. सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६) याच्या दीर्घ कारकिर्दीत दख्खनमध्ये मंदिरबांधणीला मोठा बहर आला. 'मिताक्षरा'कार विज्ञानेश्वर आणि कवी बिल्हण हे त्याच्याच आश्रयाने राहिले.

हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. म्हणजेच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. विक्रमादित्याचा मृत्यू आणि हेमाद्रीचा काळ यांत सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. चुन्याविना दगड रचण्याची पद्धत हेमाद्रीने शोधून काढलेली नाही. त्याच्या आधी कित्येक पिढ्या ती रूढ होती. त्याच्या नावाची लोकप्रियता एवढी, की आधीची बांधकामेही त्याच्याच खाती जमा झाली.

देगलूर तालुक्यातील होट्टल, तडखेल आणि करडखेड येथील शिलालेख या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहेत. श्रीनिवास रित्ती आणि जी. सी. शेळके यांनी संपादित केलेला नांदेड जिल्ह्यातील कोरीव लेखांचा संग्रह १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. चालुक्यांच्या दरबारी कन्नड भाषेला मानाचे स्थान होते, त्यामुळे या भागात कन्नड लेखही आढळतात. आजच्या भाषिक सीमा त्या काळी नव्हत्या, हे त्यावरून सहज लक्षात येते. मंदिराला दिलेल्या जमिनी, नंदादीपाची सोय, पूजाअर्चेचा खर्च अशा नोंदींमुळे त्या काळचे लेख गावगाड्याच्या अभ्यासालाही उपयोगी पडतात.

दगड टिकतात कसे?

या मंदिरांची रचना समजून घेण्यासारखी आहे. खाली घडीव थरांचे जोते, त्यावर मूर्तींनी सजलेली भिंत आणि वर शिखर, अशी बाहेरची मांडणी असते. आत शिरताना प्रथम मंडप, नंतर अंतराळ आणि शेवटी गर्भगृह लागते. होट्टलच्या बाह्य भिंतींवरील देवदेवता आणि सुरसुंदरींची शिल्पे हे येथील खास आकर्षण आहे.

कमानीचा आधार येथे घेतलेला नाही. खांबावर तुळई आणि तुळईवर छताचे दगड, असा सारा भार सरळ खाली उतरतो. चौकोनी जागा झाकण्यासाठी चारही कोपऱ्यांवर तिरपे दगड ठेवून मोकळी जागा थराथराने कमी करीत नेतात आणि शेवटी मधल्या दगडाने ती बंद करतात. दगड एकमेकांत बसावेत म्हणून त्यांना खाच आणि खुंटी काढलेली असते. वरच्या वजनानेच सांधे घट्ट राहतात.

लातूर जिल्ह्यातील निलंगा येथील नीळकंठेश्वर मंदिरात याच परंपरेचा अधिक विस्तारलेला आविष्कार पाहायला मिळतो. तीन गर्भगृहे असल्याने त्याला त्रिदल मंदिर म्हणतात. तारकाकृती तलविन्यासामुळे त्याच्या भिंतींना अनेक कोन पडले असून, त्यावरील छायाप्रकाशात शिल्पे उठून दिसतात.

जतन करताना

वजनावर उभ्या असलेल्या या वास्तूंचे दुखणेही त्यातूनच उद्भवते. पायाखालची माती खचली, छतात पाणी मुरले किंवा सांध्यांत पिंपळाची मुळे शिरली, की एक खांब कलतो आणि त्याच्या मागोमाग तुळया सरकतात. अशा वेळी शास्त्रीय पद्धतीत प्रत्येक दगडाला क्रमांक देऊन तो उतरविला जातो, पाया भक्कम केला जातो आणि नकाशानुसार दगड पुन्हा जागेवर बसविले जातात. होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर राज्य पुरातत्त्व विभागाच्या कामामुळेच आज सावरलेल्या स्थितीत पाहता येते.

गावोगावी भाविक श्रद्धेने जुन्या मंदिरांना तैलरंग देतात, फरश्या बसवितात, सिमेंटचा गिलावा करतात. हेतू चांगला असला तरी रंगाखाली शिलालेखांची अक्षरे बुजतात. सिमेंटमुळे दगडात मुरलेले पाणी बाहेर पडू शकत नाही आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. शेतात वा घराच्या भिंतीत आढळणारा एखादा कोरीव दगडही मंदिराचा हरवलेला भाग असू शकतो. असा दगड आढळल्यास तो न हलविता पुरातत्त्व विभागाला कळविणे हिताचे ठरते. कारण तो नेमका कोठे सापडला, ही माहितीही इतिहासाच्या दृष्टीने दगडाइतकीच मोलाची असते.

देगलूर हे नांदेडपासून सुमारे ८० किलोमीटरवर असून, तेथून होट्टलला रस्त्याने जाता येते.