जुना लॅपटॉप आणि एका अक्षराचा फरक

दुकानाचा हिशेब, जीएसटीचे विवरणपत्र, गोदामातील मालाची यादी, सारे एकाच जुन्या लॅपटॉपवर चालविणारे व्यापारी आपल्याकडे कमी नाहीत. यंत्र मंदावले की 'रॅम वाढवून घ्या' असा सल्ला मिळतो. तो बहुधा योग्यच असतो. चार जीबीचे आठ जीबी केले की टॅली आणि इंटरनेट एकाच वेळी उघडताना होणारी रखडपट्टी बरीच थांबते. पण बाजारात जाऊन नुसती 'आठ जीबीची रॅम द्या' म्हणणे म्हणजे माप न सांगता चपलांचा जोड मागण्यासारखे आहे.

पहिला प्रश्न पिढीचा. लॅपटॉपच्या डीडीआर३ रॅमला २०४ पिना असतात, डीडीआर४ ला २६०. खाचेची जागाही वेगळी, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही आणि चूक दुकानातच कळते. खरी फसगत डीडीआर३ मध्ये होते. साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. पिना तितक्याच, खाच तीच. रॅम नीट बसते, झाकण लागते, आणि घरी येऊन बटण दाबले तर पडदा काळाच. इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या, म्हणजे साधारण २०१३ ते २०१५ च्या लॅपटॉपना 'एल'च लागते. त्याआधीच्या दीड व्होल्टच्या यंत्रात 'एल' सहसा चालून जाते. उलटे करू नये.

म्हणून यंत्रातील जुनी रॅम काढून सोबत न्यावी. तिच्यावरच्या चिठ्ठीत पीसी३एल–१२८००एस असे काही छापलेले असते. त्यातला 'एल' पाहावा. १२८०० म्हणजे १६०० चा वेग. नवी रॅम त्याहून जलद असली तरी दोन्ही मिळून मंद असलेल्या वेगाने चालतात, तेव्हा जादा वेगासाठी जादा पैसे देऊ नयेत.

दुकानात जाण्यापूर्वी जागा मोकळी आहे का, तेही पाहावे. २०१५ च्या थिंकपॅड टी४५० मध्ये रॅमच्या दोन जागा आहेत; त्याच्याच भावंडात, टी४५०एस मध्ये, चार जीबी मुख्य पट्टीवरच डाख देऊन बसविलेली असून जागा एकच. येथेही एकाच अक्षराचा खेळ! काही पातळ यंत्रांत तर सारीच रॅम डाखलेली असते. तेथे पैसे घालण्यात अर्थ नाही. विंडोज ३२ बिटांची असेल तर चार जीबीपुढची रॅम ती वापरतच नाही.

आणखी एक हिशेब करावा. विंडोज १० चा मोफत आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. बँकेचे व्यवहार त्याच यंत्रावर होत असतील तर रॅमवर खर्च करण्याआधी याचा विचार हवा. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकदम चढले, तेव्हापासून हा खर्च पूर्वीइतका किरकोळ राहिलेला नाही.

लॅमिंग्टन रोडवर काय किंवा आपल्या गावच्या दुकानात काय, लॅपटॉप सोबत न्यावा, रॅम तेथेच बसवून यंत्र चालू करून घ्यावे आणि न चालल्यास बदलून मिळेल हे बिलावर लिहून घ्यावे. घरी आल्यावर मेमटेस्ट८६ हा तपासणी प्रोग्राम रात्रभर चालू ठेवावा. त्यात एकही चूक दिसली तर दुसऱ्याच दिवशी रॅम परत करावी, महिनाअखेरच्या हिशेबाची वाट पाहू नये.